‘खाऊन टाक’ आणि ‘ईट अप’

आईबाबांनो, मुलांचा इंग्रजीचा अभ्यास घेताना एक शब्द तुम्हाला हमखास अडवतो. शब्द अगदी एवढासा: अप. पहिलीत आपण त्याचा अर्थ ‘वर’ असा सांगितलेला असतो, हात वर करून दाखवलेलाही असतो. ‘स्टँड अप’पर्यंत ते निभावतं. मग ‘गिव्ह अप’ येतं आणि त्याचा अर्थ निघतो सोडून देणं. ‘टाइम इज अप’ म्हणजे वेळ संपली. ‘टर्न अप’ म्हणजे अवचित उगवणं. ‘मेक अप’ तर चेहरा रंगवण्यापासून गोष्ट रचण्यापर्यंत आणि बुडालेला अभ्यास भरून काढण्यापासून भांडण मिटवण्यापर्यंत कुठेही जातं. मूल विचारतं, “यात वर काय गेलं?” तेव्हा तुमच्यापैकी अनेकांना, विशेषतः मराठी शाळेत शिकलेल्यांना, वाटतं की आपलंच इंग्रजी कच्चं.

तसं मुळीच नाही. मुलाचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या तोंडी रोज असतं.

सकाळी तुम्ही म्हणता, “दूध पिऊन टाक.” टाकणं म्हणजे फेकणं, तरी कुठलंही मूल दूध फेकत नाही. त्याला बरोबर कळतं: पेला रिकामा करायचा आहे. इंग्रजी बोलणारी आई हेच ‘ड्रिंक अप’ म्हणून सांगते. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव. इथे ‘अप’ दिशा दाखवत नाही, काम शेवटाला नेतं. आपल्याकडे ही जबाबदारी दुसऱ्या क्रियापदावर असते. ताई रुसून बसते, पण घरभर फिरत असते. धाकटा घाबरून जातो, पण जागचा हलत नाही. तुमच्या मुलाला हे तीन वर्षांचं असल्यापासून येतं, कुणी न शिकवता. ते फक्त त्याच्या लक्षात आणून द्यायचं.

मूल आठवी-नववीत असेल आणि संस्कृत घेतलं असेल तर आणखी एक दार उघडतं. आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार हे सगळे एकाच धातूपासून झालेले शब्द. पुढे उपसर्ग बदलला की अर्थ पार दुसऱ्या गावाला जातो. संस्कृतात हा छोटा तुकडा आधी येतो, इंग्रजीत क्रियापदाच्या मागून. आणि इंग्रजी ‘अप’ हा आपल्या ‘उप’चा दूरचा भाऊ आहे, दोघांचं मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. (‘अपमान’मधला ‘अप’ मात्र वेगळा. त्याचं नातं इंग्रजी ‘ऑफ’शी. इथे मुलं फसतात, म्हणून सांगून ठेवलं.)

रेल्वेनं जाणार असाल तर प्रवासातही हा विषय निघू शकतो. मध्य रेल्वेवर मुंबईकडे येणारी गाडी अप आणि मुंबईहून निघालेली डाऊन. म्हणजे लोणावळ्याहून बोरघाट उतरत कर्जतला येणारी गाडी अप, आणि कर्जतहून धापा टाकत घाट चढणारी डाऊन! हा घाटातला लोहमार्ग 1863 साली सुरू झाला, आणि ही बोली इंग्रजांच्या रेल्वेबरोबर आली. त्यांच्याकडे मुख्य शहराकडे जाणं म्हणजे ‘अप’, वाट चढाची असो वा उताराची. उंची मोजायची ती जमिनीची नाही, ठिकाणाच्या मानाची.

आता ‘ब्रिंग अप’ घ्या. मूल वाढवणं, विषय काढणं आणि ओकणं, तिन्हीला हेच चालतं. मूल कुरकुरलं की त्याला आपलं ‘काढणं’ दाखवा. चित्र काढतो, तिकीट काढतो, दूध काढतो, झोप काढतो, खोडी काढतो आणि रडणाऱ्याची समजूतही काढतो. परक्या माणसाला हे सगळं एका शब्दात कसं शिकवशील, असं विचारा. मुलं इथे रंगतात, स्वतःहून आणखी दहा वाक्यं सांगतात, आणि परकी भाषा मुद्दाम छळते आहे हा त्यांचा राग निवळतो.

माझी एक कळकळीची विनंती आहे. ‘अप’च्या अर्थांची यादी वहीत उतरवून पाठ करून घेऊ नका. यादीतला अर्थ परीक्षेपर्यंत टिकतो, पुढच्या गोष्टीच्या पुस्तकात कामाला येत नाही. मुलानं “गिव्ह अप म्हणजे काय?” विचारलं तर “कुठे वाचलंस? पूर्ण वाक्य वाच,” एवढंच म्हणा. मागचंपुढचं वाचून त्याला अंदाज बांधू द्या. मगच शब्दकोश उघडा, आणि त्यात ‘अप’कडे न जाता ‘गिव्ह’कडे जा, असे जोडशब्द सहसा क्रियापदाच्या नोंदीखाली दिलेले असतात. अनेक मुलांना ही साधी गोष्ट कुणी सांगितलेली नसते, आणि ती ‘अप’ची लांबलचक नोंद पाहूनच कोश मिटतात.

तुम्हालाही अर्थ ठाऊक नसेल तर कोश दोघांनी मिळून बघा. पुढच्या धड्यात ‘ब्लो अप’ येईल: फुगा फुगवणं, फोटो मोठा करणं, स्फोट होणं, कुणाचं डोकं भडकणं. वाक्यात फुगा आहे की फोटो, ते आधी त्यालाच शोधू द्या.