सरकारी कामाचे बिल आणि मधेच बदललेला कर



गळीत हंगाम संपला की ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर, टिपर दारात उभे राहतात. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून आपल्यातले काही जण एप्रिल-मेमध्ये घाट उतरून कोकणात रस्त्याची, मोरीची, संरक्षक भिंतीची सरकारी कामे धरतात. काम कसे करावे हे त्यांना कोणी शिकवायला नको. पण टेंडर भरताना कर एक होता आणि बिल निघताना दुसराच झाला, तर फरक कुणाच्या खिशातून जातो? आज एवढाच मुद्दा समजून घ्यायचा आहे.

उदाहरणाला मालगुंड घेऊ. रत्नागिरी तालुक्यातले, गणपतीपुळ्याच्या शेजारचे, कवी केशवसुतांचे हे जन्मगाव. तिथे ऊस नाही, पण आपल्या हिशोबाला ते सोयीचे आहे. कारण जूनमध्ये पाऊस लागला की तिकडे रस्त्याचे काम बंद. जे काय करायचे ते मेअखेर उरकावे लागते. समजा, आपल्या एका सभासदाने २०२२ च्या उन्हाळ्यात तिथल्या सार्वजनिक रस्त्याचे १० लाख रुपयांचे काम घेतले आणि २८ मे रोजी पुरे केले. काम व रक्कम समजुतीसाठी धरली आहे. दर आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात रस्ते आणि सरकारी बांधकामांच्या ठेक्यांवरचा दर १८ वरून १२ टक्के करण्यात आला. पुढे २०२२ च्या जूनअखेर चंदीगडला जीएसटी परिषदेची बैठक झाली, सवलत काढायचे ठरले आणि १८ जुलै २०२२ पासून दर पुन्हा १८ झाला. ज्या सरकारी कामात किमतीच्या तीन चतुर्थांशाहून जास्त भाग मातीकामाचा असतो, त्याचा दर त्याच दिवशी ५ वरून १२ वर गेला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही १८ झाला आहे.

आता आपल्या सभासदाचे काम मेमध्ये संपले, पैसे मिळाले ऑक्टोबरात. कर कितीने? कुणालाही विचारा, तो म्हणेल, "काम मेचं, म्हणजे १२ टक्के." कायदा असे म्हणत नाही. तो तीन तारखा बघतो : काम पुरे झाल्याची, कर-बीजक काढल्याची आणि पैसे मिळाल्याची. दर बदलला त्या दिवसाच्या ज्या बाजूला या तिघांतल्या दोन तारखा पडतात, त्या बाजूचा दर लागतो. काम मेमध्ये झाले आणि बीजक जूनमध्ये काढले, तर पैसे ऑक्टोबरात आले तरी दोन तारखा अलीकडे, म्हणून १२ टक्के. पण बीजक काढायचेच राहिले आणि "बिल पास झालं की बघू" म्हणून ते ऑक्टोबरात काढले, तर दोन तारखा पलीकडे गेल्या. दर १८. दहा लाखांवर ६० हजारांचा फरक, आणि तो निव्वळ एका कागदाच्या तारखेमुळे.

ठेकेदारांची जुनी सवय इथेच नडते. ऑफिसात मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, बिल वर गेले, की आपले काम संपले असे समजून बसायचे. खात्याचे बिल वेगळे आणि आपले कर-बीजक वेगळे, हे लक्षात राहत नाही. सेवेचे बीजक साधारणपणे काम पुरे झाल्यापासून ३० दिवसांत काढावे असा नियमच आहे. आपल्या उदाहरणात ती मुदत जूनअखेरच संपत होती. म्हणजे नियम पाळणारा आपसूक वाचला असता. मोठ्या, चालू बिलांच्या कामाला बीजकाचा नियम थोडा वेगळा आहे; तो करारातील हप्त्यांप्रमाणे चालतो.

पण बीजक लवकर काढण्यालाही किंमत आहे, ती लपवून चालणार नाही. जूनमध्ये बीजक काढले की कर साधारणपणे २० जुलैपर्यंत भरायचा. सरकारचे पैसे ऑक्टोबरात येणार. तोपर्यंत १ लाख २० हजारांतून खरेदीवरची वजावट जाऊन जे उरेल ते पदरचे घालावे लागते. उशीर केला तर वर्षाला १८ टक्के व्याज. ज्याच्याकडे खेळते भांडवल नाही त्याने हे टेंडर भरतानाच धरले पाहिजे.

आता वाढलेला कर सोसायचा कुणी? त्याचे उत्तर टेंडरच्या एका ओळीत असते. दर "जीएसटी वगळून" असेल, तर कर वेगळा मिळतो. तरीही मंजुरी १२ टक्क्यांच्या हिशोबाने झालेली असली तर फरकासाठी खात्याकडे लेखी मागणी करावी लागते. दर "सर्व करांसह" असेल आणि करबदलाचे कलम करारात नसेल, तर दुखणे आपले. करासह १० लाखांच्या कामात १२ टक्क्यांनी आपल्या वाट्याला ८ लाख ९२ हजार ८५७ रुपये येतात. १८ टक्के झाल्यावर ८ लाख ४७ हजार ४५८. म्हणजे ४५ हजार ३९९ रुपये कमी, आणि खडी-मजुरीत एक पैचाही फरक नाही.

वजावटीतून हे भरून निघेल म्हणावे, तर यंत्राच्या कामात तसे होत नाही. टिपर आणि जेसीबी डिझेल पितात आणि डिझेल अजून जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावरचा कर खर्चात जातो, त्याची वजावट मिळत नाही. सिमेंट भरपूर लागणाऱ्या भिंतीच्या कामात वजावट बरी मिळते. सिमेंटचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ झाला, त्यामुळे मालही स्वस्त पडला आणि वजावटही तेवढी घटली. मातीकाम करणाऱ्याचा मात्र कर ५ वरून १८ वर गेला, आणि वजावटीला त्याच्याकडे टायर आणि सुटे भाग. आमच्या मते आपल्या भागातील ठेकेदारांना सर्वांत जास्त चटका याच बदलाचा आहे.

बिलातून होणाऱ्या कपातींचेही दोन शब्द. ठेकेदाराच्या बिलातून आयकर कापण्याची पद्धत १९७२ पासूनची. पूर्वी सरसकट २ टक्के कापत. १ ऑक्टोबर २००९ पासून एकट्या व्यक्तीला १ टक्का, भागीदारी किंवा कंपनीला २. पॅन नसेल तर २० टक्के. दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असलेल्याने पॅनसह लेखी निवेदन दिले तर निव्वळ मालवाहतुकीच्या बिलातून ही कपात होत नाही. हाच गडी रस्त्याचे काम घेतो तेव्हा ती सवलत नाही, आणि मग "कारखान्यात कापत नाहीत, इथं का?" असा वाद घालतो. जीएसटी बीजकात वेगळा दाखवला असेल तर आयकराची कपात मूळ रकमेवरच व्हायला हवी. १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा आला. कलमांचे आकडे बदलले, हे दर तेच राहिले.

दुसरी कपात जीएसटीची. ठेका अडीच लाखांहून मोठा असेल तर सरकारी खाते १ ऑक्टोबर २०१८ पासून २ टक्के कापून ठेवते. दहा लाखांच्या कामात हे २० हजार. हा पैसा बुडालेला नसतो, तो आपल्याच नावावर भरला जातो. पण पोर्टलवर जाऊन तो "स्वीकारला" असे नोंदवल्याशिवाय आपल्या रोख खात्यात येत नाही. मालगुंडसारख्या कामाचे बिल हातात पडले की त्याच महिन्यात हिशोबनिसाला ही नोंद करायला लावावी, म्हणजे तेवढा कर पुन्हा खिशातून भरावा लागणार नाही.