सोळा आणे पीक

कल्याणहून माळशेज घाटाकडे निघालेला रस्ता मुरबाड तालुक्यातून जातो. पावसाळा सरत आला, म्हणजे या रस्त्याच्या दोन्ही अंगांस भाताची खाचरे पिवळी पडू लागतात. वाटसरू ती पाहून ‘यंदा पीक चांगले आहे’ एवढेच म्हणतो व पुढे जातो. परंतु ‘चांगले’ या एका शब्दावर सरकारी कचेरीचे काम भागत नाही. किती चांगले, हे तेथे अंकांत मांडावे लागते.

त्यासाठी आपल्याकडे पूर्वीपासून एक मापपट्टी वापरात होती. तिचे नाव आणेवारी. रुपयाचे सोळा आणे असत. म्हणून पूर्ण पिकास सोळा आणे पीक म्हणत आणि निम्मे आले तर आठ आणे. ‘सोळा आणे खरे’ असे बोलणाऱ्या माणसास ही पट्टी निराळी शिकवावी लागत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर पैसे झाले, आणि पुढे आणेवारीची पैसेवारी झाली.

पन्नास पैशांहून कमी पीक आलेल्या गावांना टंचाईच्या सवलती देण्याची पद्धत पडली. जमीन महसुलात सूट मिळे. विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्कही माफ होई. एकोणपन्नास आणि एक्कावन्न यांत अंतर दोनच पैशांचे, पण कित्येक घरांचे वर्ष त्यावर अवलंबून!

असा तंटा एकदा फार मोठा झाला. त्या काळी ठाणे व गुजरातेतील खेडा हे दोन्ही जिल्हे एकाच मुंबई इलाख्यात होते. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षाची सारावसुली तहकूब करावी, असा नियम होता. १९१८ साली खेड्याच्या अधिकाऱ्यांनी पीक चार आण्यांहून अधिक ठरविले. शेतकरी म्हणाले, ते त्याहून कमी आहे. त्यातूनच महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली खेडा सत्याग्रह झाला. शेत तेच होते, पट्टीही तीच होती. मोजणारे डोळे मात्र निरनिराळे होते.

म्हणून केवळ नजरेच्या अंदाजावर न थांबता पीककापणीचा प्रयोग करतात. शेतातील ठराविक तुकडा आखून त्यातील भात कापतात, झोडतात आणि वजन करतात. ते वजन आधी ठरविलेल्या प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहतात. समजा, प्रमाण वीस क्विंटल असून हाती नऊच आले, तर पैसेवारी पंचेचाळीस. ‘पूर्ण’ म्हणजे किती, हे आधी ठरले नसते तर या अंकास काहीच अर्थ उरला नसता.

तरीही एक उणीव राहतेच. ओढ्याकाठचे खाचर भरघोस पिकावे, माळावरचे करपून जावे, आणि गावाचा आकडा मात्र एकच लागावा!

हीच अडचण डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर खाद्यपदार्थ मागविणाऱ्यापुढेही येते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर प्रत्येक उपाहारगृहापुढे पाचांपैकी काही तारे दिसतात. समजा, एका ठिकाणास दहाही जणांनी तीन-तीन तारे दिले. दुसऱ्यास पाच जणांनी पाच व पाच जणांनी एक दिला. सरासरी दोहोंची तीनच! पहिले साधारण आहे. दुसऱ्याचे मात्र कदाचित पदार्थ उत्तम असतील आणि ते पोहोचतात थंडगार. एकुलत्या एका आकड्याने हे कळणार कसे? शिवाय कोणी जेवण आवडले की लगेच पाच तारे देतो, तर कोणी पाचवा तारा जन्मभर राखून ठेवतो. म्हणून मापपट्टी तयार करणाऱ्याने प्रत्येक ताऱ्याचा अर्थ शब्दांत लिहावा, चव, स्वच्छता व वेळ यांना वेगवेगळे गुण मागावेत, आणि सरासरीशेजारी किती जणांनी गुण दिले तेही दाखवावे. दोघांच्या मतावर आलेले पाच तारे आणि दोनशे जणांच्या मतावर आलेले चार, यांत दुसऱ्यावर विसंबणे अधिक बरे.

दुष्काळाच्या बाबतीतही असाच विचार झाला. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमावलीत पाऊस, पेरणी, जमिनीतील ओलावा आणि उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवळ या गोष्टी वेगवेगळ्या तपासण्यास सांगितले आहे. पैसेवारी मात्र महाराष्ट्रात अजूनही जाहीर होते, आणि पन्नासाच्या वर की खाली, हेच गावकरी तिच्यात प्रथम पाहतात.