मायक्रोफिल्मवरील पूर्वज

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी दिली. त्या छावणीचेच पुढे लष्कर शहर झाले. आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव म्हणूनच दूर महाराष्ट्रात असते. पिढ्या उलटल्या की गावाचे नाव तेवढे उरते, पूर्वजांची नावे विस्मृतीत जातात. ती सापडतात तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, हरिद्वार या क्षेत्री यात्रेकरूंची नावे गाव व कुळ यांनुसार लिहून ठेवण्याची प्रथा जुनी आहे. हरिद्वारच्या अनेक वह्या अमेरिकेतील युटा येथील वंशावळी संस्थेने १९७७ पासून मायक्रोफिल्मवर, म्हणजे सूक्ष्मचित्रांच्या फितीवर, उतरवून घेतल्या.

फितीवरील पानाची नक्कल डिजिटल कॅमेऱ्याने करता येते. वाचनयंत्राच्या पडद्यासमोर कॅमेरा तिपाईवर भक्कम बसवावा. तो पडद्याला समांतर असावा. तिरपा राहिल्यास अक्षरे एका बाजूस अस्पष्ट होतात. फ्लॅश बंद ठेवावा, कारण त्याच्या झोताने पडद्यावरील मजकूर फिका पडतो. कॅमेरा हलू नये म्हणून टाइमर लावावा. अक्षरे पांढरी व पान काळे दिसत असल्यास संगणकावर रंग उलटे करावेत.

प्रथम फितीच्या डबीवरील क्रमांकाचे चित्र घ्यावे, नंतर पाने क्रमाने घ्यावीत. गोविंद, रामचंद्र ही नावे घरोघरी असत. गाव, कुळ व फितीचा क्रमांक यांवाचून घेतलेले पान परक्याचे पणजोबा आपल्या घरात आणून बसवील. मजकूर मोडीत असला तरी पान सोडू नये. आज आपल्याला वाचता आले नाही, तर उद्या जाणकार वाचील.