जुन्या गाडीला नवं इग्निशन : प्लग वायर कोणती घ्यावी?

जुन्या गाडीचा नाद एकदा लागला की सुटत नाही. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आजोबांच्या वेळची फियाट, अँबॅसिडर नाहीतर जीप अजूनही ताडपत्रीखाली उभी असते. इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली की घरचे लोक हमखास म्हणतात, "आता तूच बघ काय ते!"

अशा गाडीत सुट्टीत करण्यासारखं पहिलं काम म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून तिथे इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवणं. किट तासाभरात बसतं. मग प्रश्न येतो प्लग वायरचा. दुकानदार जाडजूड लाल वायर दाखवून म्हणतो, "पिकअप वाढेल." मेकॅनिक काका म्हणतात, "तांब्याचीच घाल, करंट फुल जातो." दोघांचंही ऐकून खर्च होतो, आणि नेमकी घाटात गाडी मिसिंग करायला लागते. म्हणून आज हा विषय जरा मुळापासून बघू. दुसऱ्या वर्षाचं इलेक्ट्रिकल एवढं भांडवल पुरेसं आहे.

पॉइंट काढल्याने काय बदललं?

पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल ही पद्धत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास अमेरिकेत रूढ केली आणि पुढे साठ-सत्तर वर्षं ती जगभर चालली. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्रायमरीत करंट चढतो. पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो, आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट तयार होतात.

कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले इंडक्टन्स गुणिले करंटचा वर्ग. उदाहरणासाठी प्रायमरी ३ ओहम आणि ८ मिलीहेन्री धरा. १२ व्होल्टवर करंट फार तर ४ अँपिअर, म्हणजे ऊर्जा ६४ मिलीज्यूल. पण हे आरामात वेळ मिळाला तर! चार सिलिंडरच्या इंजिनाला ४००० आरपीएमला सेकंदाला १३३ ठिणग्या लागतात, म्हणजे एका ठिणगीला साडेसात मिलीसेकंद. त्यात पॉइंट मिटलेले राहतात साधारण साडेचार. तेवढ्यात करंट ३.२५ अँपिअरच्या आसपास पोचतो आणि ऊर्जा ४२ मिलीज्यूलवर येते. करंट वाढवावा म्हटलं तर पॉइंट जळतात. सगळं घोडं इथेच अडतं.

किटमध्ये पॉइंटच्या जागी हॉल सेन्सर आणि ट्रान्झिस्टर येतो. (हॉल इफेक्ट १८७९ चा, कामाला मात्र शंभर वर्षांनी लागला!) ट्रान्झिस्टरला घासणं-जळणं नाही, त्यामुळे किटला चालत असेल तर कमी रेझिस्टन्सची, जास्त करंट घेणारी कॉइल लावता येते. पण लक्षात घ्या, डिस्ट्रिब्युटरच्या आत आता लोखंडी पॉइंटऐवजी एक नाजूक इलेक्ट्रॉनिक सर्किट बसलंय. वायरची निवड बदलते ती यामुळे.

वायरमुळे पॉवर वाढते का?

सरळ उत्तर : नाही. हॉस्टेलच्या गच्चीवरची टाकी आठवा. खालचा नळ बंद असेल तर पाइप बारीक असो की जाड, नळापाशी प्रेशर तेवढंच. ठिणगी पडण्याआधी प्लगची गॅप म्हणजे बंद नळ. वायरमधून जवळजवळ काहीच वाहत नाही, त्यामुळे वायरच्या काही हजार ओहमने व्होल्टेज पडत नाही. गॅप किती, सिलिंडरमधलं प्रेशर किती, मिक्श्चर कसं आहे, यावर लागणारं व्होल्टेज ठरतं. कॉइलवर ४० हजार व्होल्ट छापलेले असले तरी प्लगला १० हजार पुरत असतील तर ठिणगी १० हजारालाच पडते.

नळ उघडला, म्हणजे ठिणगी पडली, की मग रेझिस्टन्सचा हिशोब सुरू होतो. ठिणगीचा करंट ४० मिलीअँपिअरपासून उतरत जाऊन दीड मिलीसेकंदात शून्य झाला असं धरू. १ हजार ओहमच्या वायरमध्ये वाया जाते ०.८ मिलीज्यूल, १० हजार ओहममध्ये ८ मिलीज्यूल. कॉइलच्या सेकंडरीचाच रेझिस्टन्स कित्येक हजार ओहम असतो. तेव्हा वायर शून्य ओहमची असली काय नि हजाराची असली काय, इंजिनाला फरक कळत नाही. पंचवीस हजार झाली तर मात्र ठिणगी लवकर विझते आणि गार इंजिन सुरू व्हायला कुरकुर करतं.

मग तांबं का नको?

कारण आवाज. कानाला ऐकू येणारा नव्हे, रेडिओवर येणारा. ठिणगी पडायच्या क्षणी प्लग आणि वायर यांच्या बारीकशा कपॅसिटन्समध्ये साठलेला चार्ज नॅनोसेकंदांत रिकामा होतो, आणि त्या क्षणापुरता करंट कित्येक अँपिअरच्या घरात जातो. तांब्याच्या वायरमध्ये त्याला अडवणारं काही नसतं. वायर अँटेनासारखी वागते आणि सगळीकडे गोंगाट पसरवते.

पॉइंटला या गोंगाटाचं सोयरसुतक नव्हतं. फार तर रेडिओ खरखरायचा. हॉल सेन्सरचं सर्किट मात्र त्याला ट्रिगर समजू शकतं. मग भलत्या वेळी ठिणगी, मिसिंग, आणि कधी कधी मॉड्यूलच बाद. म्हणून अशा बहुतेक किटच्या माहितीपत्रकात तांब्याची वायर वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मेकॅनिक काका चुकीचं सांगत नव्हते. पॉइंटच्या गाडीला त्यांचा नियम चोख लागू होता. आपण गाडीच बदलली!

तीन प्रकार

१) तांब्याचा गाभा : रेझिस्टन्स जवळजवळ शून्य. टिकाऊ आणि स्वस्त. पॉइंटच्या गाडीला उत्तम, इलेक्ट्रॉनिकला नको.

२) कार्बनचा गाभा : काचतंतूवर कार्बन. मीटरला साधारण १० ते २० हजार ओहम. गोंगाट छान दाबते, पण ओढाताण आणि वयोमानाने आतून तुटते. बाहेरून काही दिसत नाही.

३) गुंडाळलेल्या तारेचा गाभा : फेराइट मिसळलेल्या गाभ्यावर बारीक स्टीलची किंवा निकेलची तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. मीटरला काहीशे ते पाच-सहा हजार ओहम. इथे गोंगाट अडवण्याचं काम मुख्यतः इंडक्टन्स करतो, त्यामुळे ठिणगीची ऊर्जाही वाचते. आपल्या कामाला हीच घ्यावी.

बेरीज करायला विसरू नका

रेझिस्टन्स एकट्या वायरचा मोजायचा नसतो. प्लगच्या नंबरात 'आर' असेल, उदा. एनजीकेचा बीपीआर६ईएस, तर आत सुमारे ५ हजार ओहमचा रेझिस्टर असतो. बीपी६ईएसमध्ये तो नसतो. काही रोटरमध्ये आणि प्लगवरच्या टोप्यांमध्येही असतो. कार्बनची लांब वायर १० हजार, प्लग ५, टोपी ५, रोटर ५ : झाले २५ हजार! प्रत्येक वस्तू आपल्या जागी बरोबर, पण एकत्र आल्यावर गाडी सुरू होत नाही. गुंडाळलेल्या तारेची वायर आणि 'आर'चा प्लग ही जोडी सहसा जमते. शेवटचा शब्द किटच्या माहितीपत्रकाचा.

बसवताना

जाडी : जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ७ मिलिमीटरची वायर बसते. साडेआठ मिलिमीटरची दिसते रुबाबदार, पण खोबणीत पूर्ण आत जात नाही. आत राहिलेल्या फटीत ठिणगी पडत राहते आणि टोपी जळते.

स्क्रूची टोपी : लुकास पद्धतीच्या काही जुन्या टोप्यांत वायर आडवी आत जाते आणि आतून टोकदार स्क्रू तिला भोसकून धरतो. तो स्क्रू तांब्याच्या तारांसाठीच आहे. कार्बनच्या दोऱ्याला तो नीट लागत नाही, बारीक गुंडाळलेल्या तारेचीही तीच गत. अशी टोपी असेल तर आधी खोबणीची टोपी मिळवा, मग वायर घ्या.

आवरण : पीव्हीसी उष्णतेने लवकर कडक होतं. सिलिकॉन सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, पण धारदार पत्र्यावर घासलं की फाटतं. म्हणून वायर क्लिपमध्ये धरा आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब ठेवा.

मांडणी : फियाट अकराशे (म्हणजे पद्मिनी) आणि अँबॅसिडर, दोन्हींचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे ३ नंतर लगेच ४, आणि २ नंतर लगेच १. हे सिलिंडर शेजारी-शेजारी आहेत. ३ आणि ४ च्या वायर एकमेकींना चिकटून समांतर नेल्या तर ३ च्या ठिणगीने ४ मध्ये व्होल्टेज इंड्यूस होतं. ४ मध्ये तेव्हा ताजं मिक्श्चर नुकतंच भरलेलं असतं आणि प्रेशर कमी असतं, त्यामुळे तिथे अवेळी ठिणगी पडू शकते. परिणाम : नॉकिंग. तेव्हा या वायरींत बोटभर अंतर ठेवा, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

कॉइलची वायर : चार बदलल्या आणि मधली तशीच ठेवली असं करू नका. चारही सिलिंडरच्या ठिणग्या तिच्यातूनच जातात.

तपासणी

वायर काढून मल्टिमीटरने टोकापासून टोकापर्यंत मोजा, मोजताना हलकेच वाकवून बघा. आकडा उड्या मारत असेल तर वायर आतून गेलेली आहे. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेटखाली बघा : निळसर ठिणग्या दिसल्या तर आवरण फुटलंय.

आणि एक सक्त सूचना. चालू इंजिनाची प्लग वायर हाताने उपटून बघण्याची गॅरेजातली सवय इथे चालणार नाही. नळ कायमचा बंद झाल्यासारखं व्होल्टेज चढतच जातं, आणि ते एकतर कॉइलचं नाहीतर मॉड्यूलचं इन्सुलेशन फोडतं, नाहीतर तुमच्या हातातून वाट काढतं. जवळ पेट्रोलची वाफ असेल तर विचारूच नका.

गाडीचं जुनेपण

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. तेव्हा काढलेले पॉइंट, कंडेन्सर आणि जुन्या वायर डब्यात घालून गाडीतच ठेवा. काळ्या रंगाची ७ मिलिमीटरची वायर घेतली तर बॉनेट उघडल्यावर गाडी आजोबांचीच दिसते. वाटेत मॉड्यूल गेलंच, तर वीस मिनिटांत पॉइंट बसवून घरी पोचता येतं. पण त्यासाठी पॉइंटची गॅप लावायला शिकून ठेवा. ती मात्र मेकॅनिक काकांकडूनच शिकावी, पुस्तकातून जमत नाही!