उभ्या गाडीतली टिकटिक शोधण्याची कृती

कोकणातल्या घराच्या खळ्यात वर्षातले आठ-दहा महिने उभी असणारी मारुती ८००, किंवा मुलं परदेशी गेल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली राहिलेली झेन. अशा गाडीतून रात्रीबेरात्री 'टिक... टिक...' ऐकू यायला लागलं, की घरातलं कुणीतरी बॉनेट उघडून बॅटरीची वायर सोडवतं. आवाज थांबतो, सगळे निर्धास्त होतात, आणि वायर परत जोडली की काही दिवसांत तो पुन्हा सुरू होतो. वायर काढणं ही या शोधातली सर्वांत मोठी चाचणी आहे. म्हणूनच ती घाईने उरकू नये. तिच्याआधी चार गोष्टी वहीत उतरलेल्या हव्यात.

हाताशी ठेवा: साधा डिजिटल मल्टिमीटर, १० नंबरचा पाना, टॉर्च, हातभर रबरी नळी, सेकंद दाखवणारं घड्याळ, वही. मध्यम लहरी घेणारा जुना ट्रान्झिस्टर असेल तर तोही घ्या.

आधी आवाज गाडीचाच आहे का, ते ठरवा. पाल चुकचुकते, रातकिडा एका सुरात तासन्‌तास ओरडतो, मीटरच्या खोलीतला यूपीएस बॅटरी संपत आली की बीप देतो, आणि बंद पार्किंगमध्ये यातलं काहीही गाडीतून आल्यासारखंच भासतं. गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा आणि गाडी पंधरा-वीस फूट ढकला. आवाज जुन्या जागीच राहिला तर गाडी सुटली. चाक हलत नसेल तर जोर लावू नका. पावसाळाभर हँडब्रेक ओढलेला राहिला की ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात, तो वेगळा दुरुस्तीचा विषय आहे. आणि रिमोट असलेल्या गाडीचा रिमोट अजून दाबू नका. त्याने अलार्मची स्थिती बदलते आणि ऐकायची ती गोष्ट गप्प होते.

आता दारं बंद असतानाच आवाजाची लय नोंदवा. निम्मं निदान इथेच होतं. अर्ध्या-एका मिनिटाला एकदाच येणारी बारीक 'पिक' ही बहुतेक वेळा स्वतःची छोटी बॅटरी असलेल्या उपकरणाची असते: नंतर बसवून घेतलेल्या अलार्मचा सायरन, जीपीएस ट्रॅकर. मिनिटाला ६० ते १२० ठोके एकसारखे पडत असतील तर तो इंडिकेटरचा फ्लॅशर. हॅझार्डच्या बटणात ओल शिरली किंवा अलार्म दिवे लावू लागला की तो चालू होतो. दारांच्या आतून 'खटक' येत असेल तर सेंट्रल लॉकिंगची मोटर. एकसारखी भुणभुण म्हणजे अर्धवट ओढला गेलेला रिले किंवा स्टिरिओचा अँप्लिफायर. आणि भरभर, अनियमित 'टकटकटक' असेल तर पुढचं नीट वाचा, कारण जुन्या उभ्या गाडीत सर्वांत जास्त फसवणारा आवाज हाच.

रिलेमध्ये तारेचं वेटोळं असतं. त्यात वीज आली की लोखंडी पट्टी खेचली जाते आणि मोठ्या प्रवाहाचा मार्ग जोडला जातो. बॅटरी अशक्त असेल तर पट्टी खेचली जाते, सायरन किंवा दिवा प्रवाह मागतो, व्होल्टेज कोसळतं आणि पट्टी सुटते. भार सुटताच व्होल्टेज वर येतं, पट्टी पुन्हा खेचली जाते. हा फेरा सेकंदाला कितीतरी वेळा चालतो. रिले इथे निर्दोष असतो. तरी गॅरेजमध्ये रिले बदलला जातो, मग सेंट्रल लॉकिंगचा डबा बदलला जातो, आणि खर्च झाल्यावर बॅटरीकडे लक्ष जातं. म्हणून पुढचं काम बॅटरी मोजण्याचं.

बॉनेट उघडा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर टोकं टेकवा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.९च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आकडा लिहून ठेवा. कमी असेल तर बॅटरी हवेशीर जागी चार्ज करा (चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो, ठिणगी जवळ नको), दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा आणि ऐका. टकटक गेली तर तो आवाज बॅटरीचा होता. मात्र बॅटरी उतरली कशाने, हा प्रश्न उरतोच. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर तोही आता कोमट पाण्यात कालवलेल्या खायच्या सोड्याने साफ करा; पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका.

आवाज टिकून असेल तर त्याची जागा शोधा. बारीक बीपची दिशा नुसत्या कानाने कळत नाही, आणि याला कारण आहे. असे बझर बहुधा २ ते ३ किलोहर्ट्झवर वाजतात. हवेत त्यांच्या लाटेची लांबी ११ ते १७ सेंटीमीटर भरते, म्हणजे जवळपास आपल्या डोक्याच्या रुंदीइतकी. दोन कानांतल्या फरकावरून दिशा ठरवणाऱ्या मेंदूचा नेमका या पट्ट्यात गोंधळ होतो. तेव्हा एक कान बोटाने बंद करा, दुसऱ्याला रबरी नळी लावा आणि तिचं मोकळं टोक इंच-इंच सरकवत न्या: डॅशबोर्डखाली, पायाशी असलेल्या फ्यूजच्या डब्याजवळ, चाकावरच्या पत्र्याच्या आत, डिकीत. ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून फिरवला, तर रिले उघडझाप करताना त्यात कडकड ऐकू येते आणि जवळ जाल तशी वाढते. डोळेही उघडे ठेवा. कुरतडलेली वायर, उंदराच्या लेंड्या, फ्यूजच्या डब्यात साचलेलं पाणी दिसलं की अनेकदा शोध तिथेच संपतो.

मग वायर काढा, आणि नेहमी निगेटिव्हच आधी. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. गाडीत किल्लीचा सायरन असेल तर आधी त्याची छोटी किल्ली फिरवून तो बंद करा, नाहीतर वीज तुटताच तो जोरात वाजू लागेल. मात्र संशय सायरनवरच असेल तर कानात कापूस घालून तो मुद्दाम चालूच ठेवा. आता दोन वाटा फुटतात. वायर काढूनही पिक-पिक येते, तर दोषी उपकरण स्वतःच्या बॅटरीवर जगतं आहे. फ्यूज काढत बसण्यात अर्थ नाही. सायरन किंवा ट्रॅकर खोला. आतली छोटी बॅटरी बारा-पंधरा वर्षांत गळते आणि सर्किट खाते. तसं दिसलं तर उपकरणच काढून टाका.

आवाज थांबला, तर दुसरी वाट: गळती मोजायची. सगळी दारं लावा. बॉनेट उघडंच लागणार, म्हणून त्याचा दिवा किंवा अलार्मचा खटका असेल तर तो दाबून धरेल अशी चिकटपट्टी लावा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, एक टोक निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरं काढलेल्या वायरला. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका, स्टार्टर तर मुळीच नाही; मीटरचा फ्यूज उडेल. अर्धा तास थांबा, म्हणजे अलार्म आणि स्टिरिओ झोपतील. २० ते ५० मिलिअँपिअर ही सोसण्याजोगी हद्द. पण ५० मिलिअँपिअरसुद्धा ३५ अँपिअर-तासाची बॅटरी महिन्याभरात रिकामी करतो, ही गोष्ट उभ्या गाडीच्या मालकाने ध्यानात ठेवायला हवी.

आकडा जास्त असेल तर फ्यूजच्या डब्याचा फोटो घ्या आणि एकेक फ्यूज काढून परत लावत चला. ज्या फ्यूजला आकडा पडतो आणि आवाजही थांबतो, ती वाट तुमची. चावी बंद असतानाही वीज असलेल्या जागा आधी बघा: हॉर्न, हॅझार्ड, आतला दिवा, स्टिरिओची मेमरी, सेंट्रल लॉकिंग. फ्यूज न काढताही हे जमतं. बॅटरीची वायर परत जोडा, लाल वायर मीटरच्या व्होल्टच्या भोकात आणा, मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि टोकं फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर टेकवा. शून्याऐवजी ०.२-०.३ दिसलं, तर त्या फ्यूजमधून प्रवाह वाहतो आहे. एअरबॅगच्या पिवळ्या आवरणाच्या जोडण्यांत मात्र टोक खुपसायचं नाही.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नसेल, तर नंतर बसवलेल्या वस्तूंकडे वळा. अलार्म, फॉगलॅम्प, रिव्हर्सचा हॉर्न हे दुकानदार बऱ्याचदा थेट बॅटरीवरून घेतात, वायरीतच एखादा फ्यूज लटकवतात, किंवा तोही नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर मूळ जाड वायरींखेरीज दिसणाऱ्या प्रत्येक बारीक वायरीचा हाताने शेवटपर्यंत माग काढा. माझ्या मते जुन्या लहान गाडीत निम्म्याहून जास्त वेळ गुन्हेगार इथेच सापडतो.

दोष काढल्यावर गळती आणि व्होल्टेज दोन्ही पुन्हा मोजा, आकडे वहीत लिहा. गाडी पुन्हा महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर निगेटिव्ह सोडवून ठेवा, स्टिरिओला कोड लागत असेल तर तो आधी टिपून घ्या. बॅटरी दर दोन महिन्यांनी चार्ज करा, आणि वायर सोडवलेली असल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा.