गणिताचा ताळा आणि क्यूबेकचा पूल



"झालं मॅडम!" वजाबाकी झाली की लगेच वही मिटते. "ताळा केलास का?" विचारलं की मान खाली. तेच काम दोनदा कशाला, असं मुलांना वाटतं. अशा वेळी मी चौथीच्या वर्गाला कॅनडातल्या एका पुलाची गोष्ट सांगते.

क्यूबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर रेल्वेसाठी पोलादी पूल बांधत होते. आपला कोलकात्याचा हावडा पूल आहे ना, त्याच जातीचा. दोन्ही काठांकडून लोखंडी हात पुढे आणायचे आणि मधला भाग त्यांच्यावर टेकवायचा. सल्लागार होते अमेरिकेतले नामवंत अभियंते थिओडोर कूपर. त्यांनी मधलं अंतर १,६०० फुटांवरून १,८०० फूट केलं. अंतर वाढलं म्हणजे पोलाद वाढणार, पुलाचं स्वतःचं वजनही वाढणार. हे आपली मुलंसुद्धा सांगतील. पण वजनाचा हिशेब वेळेवर नव्याने मांडलाच गेला नाही. १९०६ मध्ये खरं वजन अंदाजापेक्षा बरंच जास्त असल्याचं कळलं, तोवर काही भाग उभेही राहिले होते. 'एवढा जादा ताण चालेल' असं कूपर यांनी ठरवलं आणि काम पुढे गेलं.

ऑगस्ट १९०७ मध्ये भार पेलणारे खालचे जाड पोलादी भाग वाकू लागले. एका भागाचा बाक पाऊण इंचावरून सव्वादोन इंच झाला. कंपनीचं म्हणणं, हे भाग आधीपासूनच थोडे वाकडे होते. पत्रापत्री चालली. शेवटी नॉर्मन मॅक्लुअर हा तरुण अभियंता स्वतः न्यूयॉर्कला कूपरना भेटायला गेला. २९ ऑगस्टला कूपरनी तार केली, की पुलावर आणखी भार टाकू नका. पण ती पुलावर नाही, पेनसिल्व्हेनियातल्या कंपनीच्या कचेरीत गेली. त्याच संध्याकाळी, सुट्टी व्हायच्या जरा आधी, पूल कोसळला. ७५ कामगार गेले. त्यातले ३३ जण काह्नावाके या एकाच वस्तीतले मोहॉक आदिवासी होते.

इथे मी थांबते आणि विचारते, चूक कोणाची? "मोठ्या साहेबांची", "तारेची" अशी उत्तरं येतात. यंदा एका मुलीने उलट मलाच विचारलं, "मॅडम, वाकलेलं दिसत होतं, तर मग कोणी थांबा का नाही म्हटलं?"

ही तीच मुलगी. आठवड्यापूर्वी मी फळ्यावर ४०३ वजा १७८ बरोबर २३५ लिहिलं होतं. ती काहीतरी पुटपुटली, तेव्हा मी म्हणाले, "बोलू नका, आधी उतरवून घ्या." सगळ्या वर्गाने २३५ उतरवून घेतलं. घरी वह्या तपासताना मला कळलं.

कॅनडात अभियंते शिक्षण संपताना एक शपथ घेतात आणि कामाच्या हाताच्या करंगळीत साधी लोखंडी अंगठी घालतात (हल्ली बहुतेक स्टेनलेस स्टीलची). कागदावर हात फिरला की ती घासते, आठवण देते. टोरोंटोचे प्राध्यापक हॉल्टेन यांची ही कल्पना. शपथ लिहिली रडयार्ड किपलिंग यांनी, म्हणजे आपल्या मुंबईत जन्मलेले. पहिला विधी १९२५ मध्ये झाला. पहिल्या अंगठ्या याच पुलाच्या लोखंडाच्या होत्या असं सांगतात, ते खरं नाही. अभियांत्रिकी पदव्या एकमेकांनी मान्य कराव्यात यासाठी काही देशांनी १९८९ मध्ये वॉशिंग्टन करार केला, भारत त्यात २०१४ मध्ये आला. त्यातही गणित-विज्ञानाबरोबर व्यावसायिक नीतिमत्ता शिकवणं अपेक्षित आहे. पण एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला हे अचानक कसं जमेल? "सर, हा आकडा चुकलाय" म्हणायची सवय आमच्या वर्गात मोडली असेल, तर कॉलेज ती कुठून आणणार?

म्हणून मी आता दोन गोष्टी करते. फळ्यावर मुद्दाम एखादी चूक ठेवते आणि ती कोणी दाखवली की खडू त्याच्या हातात देते. (न ठेवलेल्या चुकाही सापडतात, तो भाग वेगळा!) आणि प्रत्येक उदाहरणात एक गुण ताळ्याचा.

यावर परवा एक पालक भेटायला आले. "मॅडम, उत्तर बरोबर आहे, मग गुण का कापला?" मी वही उघडून दाखवली. उत्तर बरोबरच होतं. ताळ्याची जागा कोरी होती.