तक्त्यातील स्तंभाचा शोध

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतील गाववार तक्ते ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना शीर्षकांखाली छापलेली क्रमांकांची आडवी ओळ परिचित असेल. छापील पान बदलत नाही. त्यामुळे तेथे ‘स्तंभ ४’ एवढे सांगितले तरी भागते. संगणकावरील तक्त्यात मात्र एखादा स्तंभ मध्ये घातला की पुढील सर्वांचे क्रमांक सरकतात.

समजा, साक्री तालुक्याच्या तक्त्यात गाव, कुटुंबे, लोकसंख्या व साक्षर असे चार स्तंभ आहेत. १९९१ च्या जनगणनेपासून साक्षरतेचे प्रमाण सात वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकसंख्येवर काढले जाते. म्हणून लोकसंख्येनंतर ‘० ते ६ वयाची मुले’ हा स्तंभ घातला. एका गावची लोकसंख्या १,२००, मुले २०० आणि साक्षर ७०० असतील, तर साक्षरता ७० टक्के येते. परंतु जुन्या सूत्रात ‘चौथा स्तंभ’ असे कायम लिहिलेले असेल, तर साक्षरांच्या जागी मुलांचे २०० घेतले जातील आणि साक्षरता २० टक्के दिसेल. संगणक चुकीची सूचना देणार नाही. साक्षरतेच्या कामासाठी गावे निवडताना मात्र हाच आकडा ग्रामसभेपुढे जाईल.

यावर उपाय म्हणजे स्तंभाची जागा नावावरून शोधणे. एक्सेलमधील ‘मॅच’ या सूत्राला शोधावयाचे नाव, शीर्षकांची ओळ आणि शेवटी शून्य द्यावे. शून्याचा अर्थ नाव तंतोतंत जुळले पाहिजे. ते गाळल्यास शीर्षके चढत्या क्रमाने लावलेली आहेत असे सूत्र गृहीत धरते व भलतेच उत्तर देऊ शकते. मिळालेला क्रमांक ‘इंडेक्स’ सूत्रास दिला की त्या स्तंभातील आकडा हाती येतो. हा क्रमांक निवडलेल्या ओळीच्या आरंभापासून मोजलेला असतो. ओळ तिसऱ्या स्तंभापासून निवडली असल्यास उत्तरातील २ म्हणजे तक्त्यातील चौथा स्तंभ.

खरी अडचण दुमजली शीर्षकांची. ‘लोकसंख्या’ आणि ‘साक्षर’ या दोहोंखाली ‘पुरुष’ व ‘स्त्रिया’ अशी तीच नावे येतात, आणि सूत्र पहिल्याच ‘स्त्रिया’पाशी थांबते. साक्षर स्त्रियांऐवजी गावातील एकूण स्त्रिया मोजल्या जातात! अशा तक्त्यात ‘साक्षर स्त्रिया’ असे जोडनाव एकाच ओळीत लिहून घ्यावे. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही जुळणी बिघडविते. पण तेव्हा निदान ‘सापडले नाही’ असा इशारा मिळतो.